गरम झाली की बंद पडते: बेसा भागातल्या एका ब्रश कटरचं प्रकरण

पावसाळा सरला की नागपूरच्या दक्षिणेकडे, बेसा, मनीषनगर, हुडकेश्वर या पट्ट्यातल्या लेआउटमध्ये रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गवत उभं असतं. त्यात निम्मं गाजरगवत. साप-विंचवाच्या भीतीने लोक ते कापून घेतात, आणि आजकाल ते काम खांद्याला पट्ट्याने अडकवायच्या ब्रश कटरवरच होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हा या मशीनचा खरा हंगाम. नेमक्या त्याच दिवसांत बेसा भागातल्या एका लेआउटच्या नागरिक मंडळाची मशीन माझ्याकडे आली. ५२ सीसी, टू-स्ट्रोक, सव्वा लिटरच्या आसपासची टाकी, चौथा हंगाम.

तक्रार अशी: थंड मशीन दुसऱ्या झटक्यात चालू होते. फुल रेसवर चार-पाच मिनिटं झकास चालते, मग बंद पडते. लगेच दोरी ओढली तर कितीही ओढा, उठत नाही. दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवली की पुन्हा चालू, आणि पुन्हा चार-पाच मिनिटांनी बंद.

लहान इंजिनांचं काम करणाऱ्या कुणालाही हे वर्णन सांगा. दहातले आठ जण म्हणतील, कॉइल गेली, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारं तारेचं वेटोळं. कॉइल तापली की आतली बारीक तार कुठेतरी सुटते, ठिणगी मरते, थंड झाली की तार पुन्हा टेकते. असं खरंच होतं, मी अनेकदा पाहिलंय. त्यामुळे मंडळाने आधी दाखवलेल्या मेकॅनिकने कॉइल बदलली, यात त्याची चूक काढता येणार नाही. कॉइलच्या आधी प्लग बदलला होता, एअर फिल्टर बदलला होता, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर अख्खा नवा टाकला होता. मंडळाच्या सचिवांनी बिलं एका पाकिटात नीट जपून ठेवली होती, ती त्यांनी माझ्यापुढे मांडली. प्रत्येक वेळी दुकानात मशीन चालवून दाखवली गेली, चांगली चालली, मैदानावर गेली आणि पुन्हा तेच.

दुकानात चालते आणि मैदानावर मरते, ही या प्रकरणातली सर्वांत मोलाची माहिती होती आणि तिच्याकडे कुणी माहिती म्हणून पाहिलंच नव्हतं. "आमच्याकडे तर बरोबर चालते" हे वाक्य ग्राहकाला परत पाठवताना वापरलं जातं. खरं तर मेकॅनिकने तिथेच थांबून स्वतःला विचारायला हवं की दुकानात आणि मैदानावर फरक काय आहे. मशीन तीच, पेट्रोल तेच. मग बदलतं काय?

आधी ऐकून घेतलं

मशीन खोलण्याआधी मी ती चालवणाऱ्या काकांना बोलावून घेतलं. बिलं सचिवांकडे असतात, पण मशीनचा आवाज ज्याच्या कानाशी असतो त्याला जे ठाऊक असतं ते बिलात उतरत नाही. त्यांना विचारलं, "काका, बंद पडते तेव्हा कशी पडते? बटण दाबल्यासारखी फटकन, की हळूहळू?"

"फटकन नाई भाऊ. आधी आवाज बारीक होते तिचा, वर चढते. अशी पयल्यासारखी भारी नाई चालत. मंग दोन-तीन झटके देते अन् बसून जाते."

एवढ्यावरच कॉइल माझ्या यादीत खाली गेली. कॉइल किंवा स्टॉप स्विचची वायर दगा देते तेव्हा इंजिन चालता चालता तोडल्यासारखं थांबतं. आवाज वर चढत नाही. पेट्रोल जास्त येत असेल तर आवाज जड होतो, इंजिन अडखळतं, सायलेन्सरमधून निळसर धूर सुटतो. आवाज बारीक होऊन रेस आपोआप वर चढणं म्हणजे मिश्रणात हवा वाढली आणि पेट्रोल कमी पडलं. इंजिन मरायच्या आधीची ती शेवटची दहा सेकंदं ज्याने ऐकली, त्याचं अर्धं निदान तिथेच होतं.

मग विचारलं, दिवसभर सारखाच त्रास देते का?

"सकाळी लय तरास देते. दुपारून बरी चालते."

हे तर उलटंच झालं. ऑक्टोबरात नागपुरात सकाळी हवा वीस-बावीस अंशांवर असते आणि दुपारी तेहेतीस-चौतीसवर जाते. मशीन तापल्यामुळे बंद पडत असती तर दुपारी तिने जास्त छळायला हवं होतं. उन्हात बरी आणि गारव्यात वाईट चालणारी मशीन उष्णतेमुळे मरते, असं कसं म्हणायचं?

तिसरा प्रश्न टाकीचा. सकाळी किती पेट्रोल भरता? "काठोकाठ. घडीघडी भरायचं कोण?" आणि दुपारी? "दुपारून डब्यात जे उरलं असन ते टाकतो. अर्धी-पाऊण टाकी होते."

इथे माझ्या मनात चित्र जवळजवळ पूर्ण झालं. तरी मनातल्या चित्रावर विसंबून पार्ट बदलायचे नाहीत. आधीच्या चार बिलांमागेही कुणाच्या तरी मनातलं चित्रच होतं.

भरलेली टाकी का मारते

ब्रश कटरची टाकी इंजिनाच्या खाली असते, म्हणजे पेट्रोल उताराने येत नाही. कार्बोरेटरमध्ये एक पातळ पडदा असतो. पिस्टन वर-खाली होताना त्याच्या खालच्या बंद पेटीत, क्रँककेसमध्ये, दाब कमी-जास्त होतो आणि त्या धडधडीवर हा पडदा हलून पेट्रोल वर खेचतो. पंप म्हणायचा तर एवढाच. त्याची ताकद बेताची.

आता टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायलाच हवी. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र असतं, त्यात एकाच दिशेने उघडणारी छोटी रबरी झडप असते. मशीन कशीही तिरपी झाली तरी पेट्रोल बाहेर सांडू नये आणि हवा मात्र आत यावी, अशी तिची रचना. हे छिद्र बंद झालं की टाकीत पोकळी तयार होते आणि पडद्याचा पंप त्या पोकळीविरुद्ध ओढत राहतो. शेवटी त्याचं बळ कमी पडतं.

फुल रेसवर ५२ सीसीचं इंजिन ताशी साधारण एक लिटर पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला सोळा-सतरा मिलिलिटर. टाकी काठोकाठ भरली तर वर हवेला जागा उरते साठ-सत्तर मिलिलिटर. चार मिनिटांत जवळपास तेवढंच पेट्रोल संपतं, म्हणजे वरची हवा दुप्पट जागेत पसरते आणि तिचा दाब निम्म्यावर येतो. पेट्रोलची वाफ थोडी भरपाई करते, पण एवढ्या पोकळीपुढे तो पडदा टिकत नाही. तीच टाकी अर्धी असेल तर वर सहाशे मिलिलिटर हवा असते. तेवढंच पेट्रोल गेलं तरी दाब जेमतेम दहा टक्के उतरतो, पंपाला जाणवतही नाही. शिवाय कुठलंही झाकण शंभर टक्के बंद नसतं. अर्ध्या टाकीत पोकळी इतक्या सावकाश वाढते की झाकणाच्या आट्यांतून झिरपणारी हवा तिला गाठते.

दुपारी आणखी एक गोष्ट घडते. उन्हात टाकी तापते, पेट्रोलची वाफ वाढते आणि वाफेचा दाब पोकळी भरून काढतो. म्हणून सकाळी वाईट, दुपारी बरी.

आणि दुकानात? दुकानात कुणी ग्राहकाची टाकी काठोकाठ भरत नाही. तळाशी पावशेरभर पेट्रोल असतं, त्यावर पाच-सात मिनिटं चालवून बघतात. वर लिटरभर हवा. रोग दिसणारच नाही. त्या मेकॅनिकने खोटं काही सांगितलं नव्हतं, त्याच्यासमोर मशीन खरोखरच चांगली चालली होती.

आता राहिला दहा-पंधरा मिनिटं विश्रांतीचा प्रश्न. सगळ्यांना फसवलं ते यानेच. मशीन बाजूला ठेवली की त्या वेळात दोन गोष्टी एकदम घडतात: इंजिन थंड होतं, आणि आट्यांतून हवा झिरपून टाकीतली पोकळीही भरते. मशीन पुन्हा चालू झाली की आपण श्रेय थंड होण्याला देतो, कारण तेवढंच हाताला जाणवतं. या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या असतील तर वाट बघायची नाही. इंजिन तापलेलं असतानाच टाकीचं झाकण उघडायचं आणि लगेच दोरी ओढायची. उठलं तर कॉइल निर्दोष. नाही उठलं तर ठिणगी तपासायला बसा.

मैदानावर

चाचणी दुकानात करण्यात अर्थ नव्हता. लेआउटमधल्या एका मोकळ्या प्लॉटवर, सकाळी, काकांच्याच हातात मशीन दिली. त्यांनी रोजच्यासारखीच टाकी भरली, लिटरला ४० मिलिलिटर ऑइल घातलेलं मिश्रण, जे या मशीनच्या पट्टीवर लिहिलेल्या २५ ला १ या प्रमाणात बरोबर बसतं. मी ठिणगी बघायचा टेस्टर, प्लगचा पाना आणि घड्याळ घेऊन बाजूला उभा राहिलो.

चार मिनिटं उलटली आणि आवाज बारीक व्हायला लागला. काकांना चोक अर्धा ओढायला सांगितलं. इंजिन क्षणात सावरलं, जड झालं, आठ-दहा सेकंद नीट चाललं आणि मग मेलं. चोक ओढला की हवा अडते आणि मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढतो. मरणारं इंजिन चोकवर सावरलं म्हणजे ते पेट्रोलवाचून मरत होतं.

लगेच प्लगची टोपी काढून टेस्टर लावला. तापलेल्या इंजिनावर, बंद पडल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत, सहा मिलिमीटरच्या फटीतून निळी, कडक ठिणगी. कॉइल ठणठणीत.

मग मशीन टाकीचं तोंड वर येईल अशी टेकवली, सायलेन्सर माझ्यापासून लांब, आणि झाकण अगदी सावकाश सैल केलं. स्स्स् असा आवाज करत हवा आत शिरली, तीन-चार सेकंद. एवढा मोठा श्वास मी क्वचितच ऐकलाय. झाकण परत बसवलं, काकांनी दोरी ओढली. दुसऱ्या झटक्यात चालू. इंजिन तेवढंच तापलेलं, सावली नाही, विश्रांती नाही.

आता झाकण हातात घेऊन पाहिलं. आतल्या बाजूला, रबरी रिंगच्या वर, काळसर पिवळ्या रंगाचा एक पातळ थर चिकटला होता. ऑइल आणि गवताच्या धुळीने तो झाकणाचाच भाग वाटत होता. नखाने कड उचलली तर अख्खा सुटून आला. दुधाच्या पिशवीचा कापलेला गोल तुकडा, पन्नी. छिद्राच्या बरोबर वर बसलेली.

काका लगेच म्हणाले, "ते मीच लावली भाऊ. पेट्रोल टपकून राहिलं होतं ना पायावर. पँट वली होऊन जाये, आग होये मांडीले."

मला त्यांचं पूर्ण पटलं. सायलेन्सर हातभरावर, आणि माणूस पेट्रोलने भिजलेल्या पँटीत दिवसभर ते यंत्र अंगावर वागवतो. गळती थांबवली नसती तर कधीतरी भाजले असते. पन्नी लावून गळणं खरंच थांबलं होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. त्यांच्या दृष्टीने एक वेगळा त्रास होता, तो त्यांनी मिटवला होता. मशीन बंद पडण्याशी त्याचा संबंध असेल हे त्यांना कसं कळणार, चार दुकानांनाही कळलं नाही.

पन्नीच्या मागचं कारण

पन्नी काढून मशीन परत दिली असती तर काकांनी आठवड्यात दुसरी लावली असती. म्हणून झाकण गळत का होतं ते पाहणं भाग होतं.

झडपेचं रबर फुगलं होतं आणि तिचे दोन ओठ एकमेकांवर बसत नव्हते. रबरी रिंगही एका बाजूने चपटी होऊन तडकली होती. रबर असं का फुगतं याचा एक मोठा धागा आजच्या पेट्रोलमध्ये आहे. २०२५ पासून आपल्या पंपांवर सगळीकडे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. नव्या गाड्यांचे पाइप आणि रबर त्या हिशेबाने बनतात, पण जुन्या आणि स्वस्त लहान इंजिनांमध्ये ते रबर असेलच असं नाही. कुठे ते फुगतं, कुठे कडक होतं. इथेनॉल हवेतली ओलही ओढतं. पावसाळ्यात अर्धा भरलेला प्लास्टिकचा डबा शेडमध्ये पडून राहिला आणि त्यात पुरेसं पाणी गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर धरतात. नेमकं तेच टाकीच्या तळाशी असलेल्या पेट्रोल फिल्टरच्या तोंडाशी येतं. या मशीनमध्ये तसा थर नव्हता, काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवून पाहिलं.

नवं झाकण टाकलं. या सगळ्या प्रकरणात बदललेल्या वस्तूंमध्ये ही सगळ्यात स्वस्त होती.

झाकण बदलून टाकी काठोकाठ भरली आणि काकांनी चाळीस मिनिटं सलग गवत कापलं. आवाज एकदाही पातळ झाला नाही. पण मशीन चालायला लागली एवढ्यावर निदान सिद्ध झालं असं मी मानत नाही. टाकी पुन्हा भरून नव्या झाकणाखाली तीच पन्नी परत लावली. साडेचार मिनिटांनी आवाज बारीक, मग बंद. पन्नी काढली, चालू. रोग मुद्दाम परत आणता आला आणि मुद्दाम घालवता आला, तेव्हाच मी वहीत कारण लिहिलं. सचिवांनाही ते डोळ्यांनी दिसलं. पाकिटातल्या चार बिलांनंतर पाचव्या माणसाच्या शब्दावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

उरलेलं काम

पन्नी निघाली तरी मशीन निरोगी झाली नव्हती, कारण चुकीच्या निदानावर केलेले उपचार अजून तिच्या अंगात होते. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय हे आधीच्या एका कारागिराच्या लक्षात आलं असणार. त्याने कार्बोरेटरचे, पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे दोन्ही स्क्रू बरेच बाहेर काढून ठेवले होते. टाकीत पोकळी असताना त्याने थोडा आधार मिळत असेल, पण आता हवा मोकळी झाल्यावर इंजिन पेट्रोलने तुंबायला लागलं. कमी रेसवर अडखळणं, धूर, प्लग काळा आणि ओला. दोन्ही स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत घेतले आणि सव्वा फेरा बाहेर काढून तिथून कानाने सेटिंग केलं. बहुतेक अशा मशीनना एक ते दीड फेऱ्यांच्या मधे कुठेतरी जागा सापडते. सध्याच्या पेट्रोलवर मी हाय-स्पीडचा, म्हणजे फुल रेसचा स्क्रू किंचित सढळ ठेवतो, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि जुन्या सेटिंगवर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. रेस सोडल्यावर पातं फिरता कामा नये, हे शेवटी पाहायचं.

कार्बोरेटर नवा बसवताना पॅकिंगऐवजी सीलंट थापलं होतं. ते पेट्रोलने मऊ होऊन त्याची कड पडद्याला धडधड पोचवणाऱ्या बारीक छिद्रात शिरली होती. छिद्र अजून बंद नव्हतं, अर्धं उघडं होतं. पंप आधीच अशक्त, त्यात त्याची ही गत. सीलंट खरवडून साधं कागदी पॅकिंग टाकलं. या जागी सीलंट लावूच नये असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त धास्ती मला पिस्टनची होती. टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलातूनच मिळतं. पेट्रोल आटलं की ऑइलही आटतं, तेही फुल रेसवर, जेव्हा सिलिंडर सगळ्यात तापलेला असतो. ही मशीन हंगामभर दर चार-पाच मिनिटांनी कोरडी पळत होती. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्चने पाहिलं. पिस्टनच्या अंगावर एका बाजूला फिकट, सरळ दोन-तीन रेघा होत्या, नखाला न लागणाऱ्या. पिस्टनची रिंग मोकळी होती, दोरीला ओढ चांगली होती, म्हणजे सिलिंडरमधला दाब शाबूत होता. थोडक्यात बचावली. आणखी एखादा महिना असाच गेला असता तर सिलिंडर-पिस्टनचा खर्च मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंत गेला असता. सायलेन्सर उघडलाच होता म्हणून त्याच्या जाळीवरचा कार्बनही साफ केला.

जुनी कॉइल सचिवांनी फेकली नव्हती. ती बसवून, फ्लायव्हीलपासून (इंजिनाच्या चुंबक बसवलेल्या फिरत्या चाकापासून) ०.३ मिलिमीटर अंतर ठेवून, मशीन तापेपर्यंत चालवली. ठिणगी नव्या कॉइलइतकीच कडक. ती आता त्यांच्याकडे राखीव म्हणून आहे.

टाकीतली पेट्रोलची नळी मात्र कडक व्हायला लागली आहे. फिल्टरचं वजन तिला अजून तळापर्यंत खाली ओढतं, पण जेमतेम. पुढच्या हंगामात ती वाकेनाशी झाली तर उलटी तक्रार येईल: टाकी भरलेली असताना मशीन चांगली चालेल आणि अर्धी झाली की हवा खेचून मरेल. काकांना ते आत्ताच सांगून ठेवलंय. मशीन मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी, नळी बदलायला आणायची आहे. तोवर टाकी भरताना वर दोन बोटं जागा सोडायची, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत कमी रेसवर चालवून ठेवायचं.